दोनशे अठ्ठ्याऐंशी यकृतांची तपासणी

नरहर आठल्ये यांना आयुष्यात एकच गोष्ट पक्की येत होती, ती म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढणं. सुदैवाने याच गोष्टीचा त्यांना छत्तीस वर्षं पगार मिळाला. भोपाळच्या एका वीजयंत्रांच्या सरकारी कारखान्यात ते तपासनीस होते. सत्त्याहत्तर साली पुण्याहून निघताना ‘दोन वर्षांत बदली करून घेतो’ असं आईला सांगून आले. बदली काही झाली नाही. मराठीत ‘वैसे’ आणि ‘मतलब’ शिरले, पोह्यांबरोबर जिलबी खायची सवय लागली, आणि एक दिवस साहेबांनी शाल-श्रीफळ देऊन त्यांना गेटाबाहेर सोडलं.

निवृत्तीनंतर पंचाईत अशी झाली, की तपासायला माल उरला नाही. घरात होत्या फक्त लीलावतीबाई. पहिल्याच आठवड्यात नरहररावांनी पोळी उजेडात धरून ती एका बाजूला जाड असल्याची नोंद केली. लीलावतीबाईंनी लाटणं त्यांच्या हातात दिलं.

“उद्यापासून उत्पादन तुमच्याकडे. तपासणी मी करते.”

पोळीचा विषय तिथेच मिटला. पुढची अकरा वर्षं नरहरराव तुळशीनगरातल्या मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आणि महापालिकेने लावलेली झाडं एका रेषेत नाहीत एवढंच काय ते संध्याकाळी फिरताना स्वतःशी म्हणत राहिले.

अशा माणसाच्या घरात गौरी सून म्हणून आली, ही त्याच्या नशिबाची गोष्ट. गौरी पेशीशास्त्रात डॉक्टरेट झालेली. तिचा नवरा प्रतीक बांधकाम खात्यात होता आणि कायम कुठल्यातरी पुलाच्या पाहणीला गेलेला असायचा. गौरीने गोविंदपुऱ्यात एक शेड भाड्याने घेऊन तिथे प्रयोगशाळा थाटली होती. शेडच्या डाव्या हाताला नटबोल्ट व्हायचे, उजव्या हाताला लोखंडी कपाटं व्हायची, आणि मधे गौरी माणसाची यकृतं करायची.

म्हणजे अख्खी नव्हेत. तिने हे सासू-सासऱ्यांना जेवणाच्या टेबलाशी समजावून सांगितलं होतं. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं. त्यातल्या काही पेशींना युक्तीने आपलं वय विसरायला लावायचं. मग त्या होतात मूळपेशी, म्हणजे ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही अशा पेशी. त्या हृदय होतील, हाड होतील, काहीही होतील. त्यांना आठवडेच्या आठवडे वेगवेगळं खाद्य घालून पटवायचं, की बायांनो, तुम्ही यकृत व्हा. पटलं, की त्या एकमेकींना धरून मोहरीएवढा गोळा करतात आणि तो गोळा खऱ्या यकृतासारखं थोडंफार काम करायला लागतो. नवं औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी या गोळ्याला देऊन बघायचं.

“आणि हे सगळं करायला रक्त कुणाचं?” लीलावतीबाईंनी विचारलं.

गौरीने आमटीत चमचा फिरवला. “दाता मिळत नाहीये. दारू न पिणारा, मोठा आजार नसलेला, आणि अकरा ठिकाणी सह्या करायची तयारी असलेला माणूस हवा.”

अकरा सह्या म्हटल्यावर नरहररावांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. निवृत्तीनंतर त्यांची सही कुणी मागितलीच नव्हती.

पाच महिन्यांनी मे उजाडला, तेव्हा शेडमधल्या तीन पेट्यांत नरहररावांची दोनशे अठ्ठ्याऐंशी यकृतं नांदत होती. एकेका पेटीत शहाण्णव खळगे आणि एकेका खळग्यात एकेक गोळा. त्यांना एक दिवसाआड गुलाबी खाद्य लागे आणि सदतीस अंशांची ऊब लागे. बाहेर भोपाळ त्रेचाळीसवर होतं, त्यामुळे यकृतांची पेटी ही शेडमधली सगळ्यात थंड जागा होती.

“एकादशीला काय देता त्यांना?” लीलावतीबाईंनी विचारलं होतं.

“आई, त्यांना उपास चालत नाही.”

“मग ह्यांचीच आहेत.”

आता या यकृतांवर काय अवलंबून होतं, ते सांगायला हवं. मंडीदीपची एक औषध कंपनी गौरीची परीक्षा घेणार होती. सोमवारी त्यांच्याकडून दोन बाटल्या यायच्या होत्या. एकीत यकृताला मारणारं औषध, दुसरीत दिसायला तसंच पण निरुपद्रवी. वर फक्त आकडे. कुठली बाटली कुठली, ते गौरीच्या गोळ्यांनी ओळखायचं. ओळखलं तर कंपनीचं दोन वर्षांचं काम. नाही ओळखलं तर शेडला कुलूप लावून हैदराबादची नोकरी धरायची, असं गौरीने सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं. तिकडच्या लोकांनी हो-नाही कळवायला महिनाअखेरची मुदत दिली होती.

“साठ गोळे लागतील,” ती म्हणाली. “वीस एका बाटलीला, वीस दुसरीला, वीस नुसतेच ताडून बघायला. साठ चांगले मिळाले की झालं.”

घोळ झाला तो इथे. गुरुवार-शुक्रवार कंपनीने गौरीला कागदपत्रांच्या प्रशिक्षणासाठी मंडीदीपला बोलावलं. फोन दारात जमा करायचे, असा तिथला नियम. इकडे खाद्याची शेवटची बाटली उरलेली आणि नवी यायची सोमवारी. निकामी गोळे शुक्रवारी काढून टाकले तरच चांगल्यांना ती पुरणार. गोळे काढायला रजनीताई होत्या. त्या मूळ नागपूरच्या. वीस वर्षं एका पॅथॉलॉजीत काढून इथे आलेल्या, आणि त्यांचा हात इतका स्थिर, की नटबोल्टवाल्याचा हातोडा सुरू असतानाही नळीतला थेंब हलायचा नाही. पण गोळे निवडायचे कुणी? प्रत्येकाचा फोटो होता; दोनशे अठ्ठ्याऐंशी फोटो बघून ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढंच लिहायचं होतं.

“मी आहे ना,” नरहरराव म्हणाले.

गौरीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला नाही म्हणायचं होतं, असं पुढे तिनेच सांगितलं. पण सासरे ताठ बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत न दिसलेलं तेज होतं.

“बाबा, हा नमुन्याचा कागद,” ती म्हणाली. “चांगला कसा दिसतो आणि वाईट कसा दिसतो, त्याचे बारा फोटो आहेत. हा शेजारी ठेवूनच बघा हं.”

“ठेवतो, ठेवतो.”

नरहररावांनी तो कागद घेतला, त्याची घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. जो तपासनीस नमुना शेजारी ठेवून माल बघतो तो तपासनीसच नव्हे, असं त्यांनी उमेदीच्या काळात तीन शिकाऊ मुलांना सुनावलं होतं. आता म्हातारपणी तत्त्व सोडायचं?

त्यांनी काय केलं, तर जुन्या कंपासपेटीतून कर्कटक काढलं. एका पारदर्शक प्लॅस्टिकवर दोन वर्तुळं काढली, एक लहान आणि एक मोठं. कारखान्यात याला गेज म्हणत. माल लहान वर्तुळापेक्षा मोठा हवा, मोठ्यापेक्षा लहान हवा, आणि कड कुठेही रेषेबाहेर जाता कामा नये. बसला तर पास, नाहीतर नापास. हे गेज त्यांनी प्रतीकच्या लॅपटॉपच्या काचेवर टेपने चिकटवलं, लीलावतीबाईंकडून चहा मागवला, आणि पहिला फोटो उघडला.

पहिलंच यकृत बघून त्यांना वाईट वाटलं. काळपट, सुरकुतलेलं, एका अंगाला फुगलेलं. मधोमध दाट, गढूळ. नापास. दुसरंही तसंच. तिसरं तर बटाट्यासारखं. चौथं मात्र काय होतं! बांगडीसारखी गोल कड, आत स्वच्छ, आरपार दिसणारं, कुठे डाग नाही की गाठ नाही. गेजमध्ये असं बसलं, की नरहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पास.

शुक्रवारी दुपारपर्यंत हिशेब असा झाला: पास चौऱ्याहत्तर, नापास दोनशे चौदा. इतका कडक निकाल त्यांनी नोकरीतही कधी लावला नव्हता. अंगावर मूठभर मांस चढलं. फुलस्केपवर त्यांनी तीन प्रतींत अहवाल लिहिला आणि शेवटी शेरा मारला: ‘मालाचा दर्जा खेदजनक आहे. पुरवठादारास सक्त ताकीद देण्यात यावी.’

पुरवठादार कोण, हे सही करताना त्यांच्या लक्षात आलं. पण शेरा लिहून झाला होता, आणि खाडाखोड केलेला अहवाल ग्राह्य धरत नाहीत.

“संपलं का कौतुक?” लीलावतीबाई आत येत म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावून लॅपटॉपकडे पाहिलं. “अगं बाई! हे तुमचं?”

“माझंच. नापास आहे ते.”

“बिचारं. कामाला जुंपल्यासारखं दिसतंय,” त्या म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या. नरहररावांनी बाहेरच्या माणसाचं मत म्हणून ते सोडून दिलं.

त्यांनी यादी रजनीताईंना पाठवली. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

“बाबूजी, म्या लिस्ट पाह्यली. हे सारे काळे-काळे काढून टाकायचे का जी?”

“जे लिहिलंय ते.”

“नाही, म्हणजे ताई तं नेहमी काळ्यांकडेच पाहून राहते. म्हणून विचारलं.”

“रजनीबाई,” नरहररावांनी आवाज खाली आणला. वर्कशॉपमध्ये या आवाजाने फोरमन गप्प बसायचे. “तपासणीचा निर्णय झाल्यावर स्टोअरने प्रश्न विचारायचा नसतो.”



“बरं जी,” रजनीताई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे घातले आणि नरहररावांची दोनशे चौदा यकृतं एकेक करून ब्लीचच्या बाटलीत सोडली.

संध्याकाळी गौरी आली. नरहररावांनी अहवाल आधीच टेबलावर ठेवला होता, वर पेपरवेट. ती उभ्या उभ्याच वाचायला लागली. आधी हसली, बहुतेक फुलस्केप बघून. मग खुर्ची ओढून बसली. मग लॅपटॉप उघडला, काचेवरचं गेज सोलून काढलं, आणि पास झालेले फोटो एकामागून एक बघितले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा, हे पोकळ आहेत.”

“पोकळ?”

“आत काही नाहीये. नुसता फुगा. यकृताच्या पेशी तयार झाल्या, कामाला लागल्या, की गोळा दाट होतो, काळपट होतो, वाकडातिकडा वाढतो. हे गोल गोल आहेत ते अजून कामालाच लागलेले नाहीत. यांना विष दिलं तरी काही होणार नाही.”

“मग ते मजबूत नाही का झाले?”

“विष आधी यकृतातच तयार होतं, बाबा. यकृत औषधावर काम करतं, त्या कामात ते निघतं. जो कामच करत नाही त्याला विषही बाधत नाही.”

नरहररावांच्या डोळ्यांपुढून आपल्या नोकरीतले सहा जनरल मॅनेजर सरकून गेले. मग त्यांना आठवलं, की काढलेल्या मालाचं काय झालं.

“नमुन्याचा कागद पाहिलात ना तुम्ही?” गौरीने विचारलं.

छत्तीस वर्षांत नरहर आठल्ये यांनी एकही खोटा शेरा मारला नव्हता. लाच नाकारली होती, दोन बढत्या घालवल्या होत्या, एकदा तर खुद्द मंत्र्यांच्या पाहणीच्या आदल्या दिवशी ट्रान्सफॉर्मर अडवून धरला होता. आणि आता ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून म्हणाले,

“पाहिला ना.”

गौरी विचारात पडली. “मग रजनीताईंनी आडव्या ओळी उभ्या धरल्या की काय? नाही, यादीच अशी आहे... की मीच कागदावर नावं उलटी लिहिली? प्रत्यक्षात काय काय काढलं, ते उद्या रजनीताईंना विचारते.”

नरहररावांनी जेवताना दोनच पोळ्या खाल्ल्या. लीलावतीबाईंनी तिसरी वाढायला हात पुढे केला आणि नवऱ्याकडे बघून मागे घेतला.

सकाळी ते गौरीबरोबर गोविंदपुऱ्याला गेले. कशाला येताय, असं तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शेडमध्ये रजनीताई गाऊन चढवून उभ्या होत्या. गौरीने अगदी हळू विचारलं, यादीतल्या ओळी कशा वाचल्या, कुठल्या पेटीपासून सुरुवात केली. तिचा आवाज इतका गोड होता, की रजनीताईंना लगेच कळलं की आपल्यावर काहीतरी येऊन राहिलंय.

“म्या तं फोन केला होता ताई,” त्या म्हणाल्या. “बाबूजींना.”

त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. काय उत्तर मिळालं, तेही नाही. नुसत्या नरहररावांकडे बघत राहिल्या. बघण्यात रागही नव्हता. पॅथॉलॉजीत वीस वर्षं लोकांचे रिपोर्ट हातात असताना त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारलेल्या बाईचं ते बघणं होतं.

नरहररावांनी चष्म्याचं घर उघडलं आणि आतली घडी टेबलावर ठेवली. घडी इतकी कोरी करकरीत होती, की पुढचं बोलायची फारशी गरज नव्हती. तरी ते बोलले.

“मी हा उघडला नाही. रजनीबाईंनी विचारलं होतं, काळे काढायचे का म्हणून. मी त्यांना गप्प केलं. आणि काल तुला खोटं सांगितलं.”

उजवीकडे कपाटवाल्याने पत्रा कापायला घेतला. तो कापून होईपर्यंत कुणालाच काही बोलता आलं नाही, आणि त्याबद्दल नरहरराव आजही त्या कपाटवाल्याचे ऋणी आहेत.

“का नाही उघडलात?” आवाज थांबल्यावर गौरीने विचारलं.

याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते मोठ्याने म्हणायला फार मूर्ख वाटत होतं. त्यांनी म्हटलं तरी. “मला वाटलं, मला कळतं.”

रजनीताईंनी तोंडावरचा मास्क वर ओढला. आत त्या हसत होत्या की काय, ते समजायला मार्ग नव्हता.

“चौऱ्याहत्तर उरलेत,” गौरी म्हणाली. आता ती कामाच्या आवाजात बोलत होती. “खाद्य बदलून बघता येईल. दोन-तीन आठवड्यांत त्यातले बरेचसे कामाला लागतील. साठ मिळतीलसुद्धा. पण बाटल्या सोमवारी येतायत. मंडीदीपला जाऊन मुदत मागावी लागेल.”

“मी येतो.”

“नको बाबा.”

“नापास मालाच्या वेळी तपासनीस हजर असतो. नियम आहे.”

असा नियम नव्हता. पण गौरीला ते माहीत नव्हतं.

मंडीदीपच्या कंपनीत शनिवारी निम्मं ऑफिस चालू होतं. गुणवत्ता विभागाचे प्रमुख सुरेशजी पंचेचाळिशीचे, शांत, मिशीवाले गृहस्थ होते. गौरीने हिंदीतून सुरुवात केली, ‘तांत्रिक कारणांमुळे’ वगैरे. नरहररावांनी पिशवीतून अहवालाची दुसरी प्रत काढून मेजावर ठेवली. मराठीतली होती, तेव्हा तिचा त्यांनी स्वतःच हिंदीत अनुवाद करून सांगितला. ‘खेदजनक’ला हिंदीत काय म्हणायचं यावर जरा अडले, तर सुरेशजींनी सुचवलं, “खेदजनक ही कहते हैं अंकल.”

सगळं ऐकून सुरेशजींनी कागद हातात घेतला.

“मतलब अच्छा माल आपने फेंक दिया।”

“जी।”

“और खराब माल पास कर दिया।”

“जी।”

“हमारे यहाँ ट्रेनिंग में सिखाते हैं कि इंस्पेक्टर दो तरह की गलती करता है। अच्छा माल रोकना, या खराब माल छोड़ना।” त्यांनी कागद उजेडात धरला. “दोनों एक ही लिस्ट में मैंने आज तक नहीं देखीं। इसकी फोटोकॉपी मिलेगी?”

नरहररावांनी मुकाट्याने तिसरी प्रत काढून दिली. तीन प्रती करण्यामागे काहीतरी शहाणपण असतं, हे त्यांना नोकरीत कधी पटलं नव्हतं.

गौरीने कसंबसं विचारलं, “सर, तीन आठवडे मिळतील का?”

सुरेशजी जरा चुळबुळले. दाराकडे बघून घेतलं. “देखिए मैडम, मुझे खुद आपको फोन करना था। हमारी दूसरी बोतल अभी निकली नहीं है। इंस्पेक्टर ने रोक रखी है।”

“का? काय झालं?” नरहरराव न राहवून मराठीतच म्हणाले.

“लेबल तिरछा लगा है।”

“किती तिरछा?”

“दो मिलीमीटर। अब नया लेबल छपेगा, उसकी मंजूरी आएगी। तीन हफ्ते तो लग ही जाएँगे।”

त्या अज्ञात तपासनिसाबद्दल नरहररावांच्या मनात इतका आदर दाटून आला, की त्याला भेटता येईल का, असं ते विचारणार होते. गौरीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. सून म्हणून तिने केलेला हा पहिलाच अपमान. तो त्यांना फार घरच्यासारखा वाटला.

पुढचे तीन आठवडे नरहरराव रोज सकाळी शेडवर जाऊ लागले. आत यायला परवानगी होती, मत द्यायला नव्हती. ही अट रजनीताईंची. ते दारालगतच्या स्टुलावर बसायचे, बाटल्यांवर तारखा लिहायचे, पेट्यांच्या दारांची रबरं पुसायचे, आणि रजनीताई सूक्ष्मदर्शकातून बघत बघत बातमीपत्र वाचायच्या.

“आज चार सुरकुतले जी बाबूजी. तुम्हाले नाही आवडणार.”

“छान.”

“एकाले तं असं टेंगूळ आलं, काय सांगू!”

“वा!”

“हा पाहा, साऱ्यात घाणेरडा. आपला हिरो आहे.”

नरहररावांना एकदा सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. त्यांनी नमुन्याचा कागद शेजारी ठेवला आणि खालच्या त्या काळ्या, वेड्यावाकड्या, आतून भरत चाललेल्या गोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. आपल्यात असलं काही असेल, असं त्यांना एकाहत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गेजमध्ये ते कधीच बसलं नसतं.

तीन आठवड्यांनी चौऱ्याहत्तरातले सहासष्ट कामाला लागले. आठ मात्र शेवटपर्यंत गोल, स्वच्छ आणि रिकामे राहिले. रजनीताईंनी त्यांना फेकण्याआधी नरहररावांना विचारलं, काही बोलायचंय का. ते नाही म्हणाले. पण त्या आठांबद्दल त्यांना आतून जरा माया वाटली, हे त्यांनी लीलावतीबाईंजवळ कबूल केलं.

“वाटणारच,” लीलावतीबाई म्हणाल्या. “आपलं माणूस ते आपलं माणूस.”

बाटल्या आल्या. लेबलं ओळंब्यात होती. गौरीने, काही सांडले तर असावेत म्हणून, सहा गोळे बाजूला ठेवले आणि साठांवर परीक्षा सुरू झाली. पाच दिवस. त्या पाच दिवसांत नरहररावांना शेडवर येण्याची साफ बंदी होती, कारण ते स्टुलावर बसून इतक्या जोरात श्वास घेत, की रजनीताईंचा हात हलायचा. हैदराबादला हो की नाही ते कळवायची मुदतही पाचव्या दिवशीच संपत होती.

पाचव्या दिवशी दुपारी लीलावतीबाई लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या आणि नरहरराव त्यांना फोडींच्या आकाराबद्दल काहीही न सांगण्याचा सराव करत होते. फोन वाजला. त्यांनी घाईत स्पीकर दाबला.

“बाबा!” गौरीच्या आवाजामागे रजनीताई कोणाला तरी ‘अरे थांब नं बाप्पा’ म्हणत होत्या; बहुतेक नटबोल्टवाल्याला. “बाबा, मेली! दोन नंबरच्या बाटलीची मेली सगळी! वीसच्या वीस!”

“आणि एक नंबर?”

“ठणठणीत! एक नंबरची ठणठणीत, नुसती ठेवलेली ठणठणीत. मी सुरेशजींना दोन नंबर म्हणून कळवलं. बरोबर आहे बाबा! दोनच! कामाचं पत्र आत्ता येतंय. मी हैदराबादला नाही म्हणून कळवते.”

नरहररावांनी फोन कानाशी नेला, मग स्पीकर चालू असल्याचं आठवून पुन्हा खाली ठेवला. विळीशी लीलावतीबाईंचा हात थांबला होता.

“बाबा? ऐकताय ना?”

“ऐकतोय. वीसच्या वीस का?”

“वीसच्या वीस.”

“एकही मागे राहिलं नाही?”

“एकही नाही.”

“शाबास,” नरहरराव म्हणाले. ते सुनेला म्हणाले की त्या विसांना, ते त्यांनाही नीट कळलं नाही. चष्मा काढून त्यांनी तो पंचाच्या टोकाला पुसला आणि तसाच हातात धरून बसले.

संध्याकाळी लीलावतीबाईंनी पेढे आणवले. शेजारच्या क्वार्टरमधले अशोकराव डोईफोडे जाळीच्या दारापाशी उभे राहून पेढा तोंडात टाकणार एवढ्यात त्यांनी शिष्टाचार म्हणून विचारलं, “कशाचे हो?”

“माझी वीस यकृतं वारली,” नरहरराव म्हणाले.

अशोकरावांचा हात पेढ्यासकट हवेत राहिला. त्यांनी आधी नरहररावांकडे, मग आत लीलावतीबाईंकडे पाहिलं. शेजाऱ्याच्या घरात असं काही घडलं तर पेढा खायचा की ठेवायचा, हे जलसंसाधन खात्यात कुणी शिकवत नाही.

“आणि... बाकीची?” त्यांनी चाचरत विचारलं.

“बाकीची बरी आहेत,” लीलावतीबाई आतून म्हणाल्या. “आत्ताच जेवली. तुम्ही घ्या हो पेढा.”